‘थाई’ शेंगदाणा सॉस : एका झटपट पाककृतीचा ऐतिहासिक मागोवा

सारांश : घरच्या घरी पाच-दहा मिनिटांत होणारा ‘थाई पद्धतीचा शेंगदाणा सॉस’ आज जगभरच्या स्वयंपाकघरांत परिचित आहे. प्रस्तुत लेखात या पाककृतीच्या नावातील ‘थाई’ आणि तिच्या वर्णनातील ‘झटपट’ या दोन शब्दांची ऐतिहासिक तपासणी केली आहे. पहिला शब्द मुख्यतः स्थलांतराच्या इतिहासातून, तर दुसरा श्रमांच्या स्थानांतरातून घडला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : भुईमूग, साते, सयाम, स्थलांतर, पाकश्रम.

प्रस्तावना

खाद्यसंस्कृतीचा अभ्यास हा इतिहासलेखनाचा दुय्यम विषय मानण्याची सवय आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. राजकीय घडामोडी, महसूलपद्धती, चळवळी यांचा अभ्यास गंभीर आणि ताटातील पदार्थांचा अभ्यास हौसेचा, अशी ही विभागणी आहे. वास्तविक पाहता एखाद्या साध्या चटणीतही साम्राज्य, व्यापार, गुलामगिरी, युद्ध आणि स्त्रियांचे श्रम या सर्वांचे ठसे सापडू शकतात. या दृष्टीने प्रस्तुत लेखात एक अगदी किरकोळ वाटणारी पाककृती निवडली आहे.

ही पाककृती इंग्रजी पाकपुस्तकांतून व मासिकांतून साधारणतः अशी दिली जाते : अर्धी वाटी शेंगदाण्याचे लोणी, त्यात सोया सॉस, लिंबाचा रस, थोडी साखर, किसलेले आले व लसूण, चवीपुरते तिखट आणि सैल करण्यापुरते गरम पाणी. सर्व एकत्र घोटले की सॉस तयार. थोड्या अधिक निष्ठेने लिहिणारे लेखक त्यात नारळाचे दूध व लाल करी पेस्ट घालावयास सांगतात आणि मिश्रण पाच मिनिटे उकळावयास लावतात. दोन्ही पाककृतींचे शीर्षक मात्र एकच असते, ‘थाई पद्धतीचा झटपट शेंगदाणा सॉस’.

या शीर्षकापाशी अभ्यासकाने थांबावयास हवे. पहिल्या पाककृतीतील एकही घटक विशेषत्वाने थायलंडचा नाही. शेंगदाणा अमेरिकेचा, सोया सॉस चीनचा, शेंगदाण्याचे लोणी उत्तर अमेरिकेतील कारखान्यांचे. मग तिला ‘थाई’ कोणी ठरविले? आणि जी कृती एकेकाळी अर्धा दिवस घेत होती ती ‘झटपट’ झाली, तेव्हा उरलेला वेळ कोणाच्या खात्यातून वजा झाला? या दोन प्रश्नांभोवती पुढील विवेचन आहे.

भुईमुगाचे समुद्रपर्यटन

भुईमुगाचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. आजच्या दक्षिण बोलिव्हिया व वायव्य अर्जेंटिना या पट्ट्यात दोन रानटी जातींच्या संकरातून लागवडीचा भुईमूग निर्माण झाला असावा, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. २०१६ मध्ये या दोन रानटी पूर्वजांची जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाल्यापासून या मताला भक्कम आधार मिळाला आहे. या पिकाची चाल विलक्षण आहे. फूल जमिनीवर येते, फलधारणेनंतर त्याचा दांडा खाली वळून मातीत शिरतो आणि शेंग अंधारात भरते. ज्या ज्या समाजाने हे पीक प्रथमच पाहिले, त्यांचे लक्ष याच गोष्टीने वेधले, हे त्यांनी दिलेल्या नावांवरून कळते. मराठीत आपण त्यास ‘भुईमूग’ म्हणतो. मलय व इंडोनेशियन भाषेत ‘काचांग तानाह’ म्हणतात. तानाह म्हणजे जमीन, काचांग म्हणजे कडधान्य. तमिळमधील ‘निलक्कडलै’ हीदेखील जमिनीतल्या हरभऱ्याचीच कल्पना आहे. परस्परांना न विचारता तीन भाषांनी एकच नाव ठेवावे, ही गोष्ट मोठी लोभस आहे. नव्या पिकाला जुन्या, ओळखीच्या कडधान्याचे नाव द्यावयाचे आणि त्याला ‘जमिनीचे’ असे विशेषण जोडावयाचे, ही परक्याला घरात घेण्याची रीतच म्हणावी लागेल.

आशियात हे पीक आले ते युरोपीय जहाजांतून. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकले. १५६५ पासून मेक्सिकोतील अकापुल्को आणि फिलिपाइन्स यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतांची नियमित ये-जा सुरू झाली आणि ती १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे टिकली. या गलबतांची ख्याती चांदीमुळे झाली. परंतु दक्षिण-पूर्व आशियातील सामान्य माणसाच्या जेवणावर चांदीपेक्षा त्याच मार्गांनी आलेल्या बियांचा परिणाम अधिक झाला. तमिळमध्ये शेंगदाण्याला ‘मणिलाक्कोट्टै’ असेही एक नाव आहे. मनिला बंदराची खूण त्यात जशीच्या तशी राहिली आहे. दप्तरखान्यात जे सापडत नाही ते कधी कधी असे शब्दांत सापडते.

येथे मिरचीचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. ज्या मिरचीवाचून आज थाई, जावानी वा मराठी स्वयंपाकाची कल्पनाही करवत नाही, ती मिरचीही त्याच कालखंडात अमेरिकेतून आली. त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी व आले यांवर भिस्त होती. म्हणजे शेंगदाणा आणि मिरची यांच्या संयोगातून होणारी कोणतीही चटणी, मग ती सोलापूरची असो वा सुराबायाची, साडेचारशे-पाचशे वर्षांहून जुनी असू शकत नाही. ‘प्राचीन परंपरागत पदार्थ’ अशा शब्दांची उधळण करणाऱ्यांनी ही मर्यादा लक्षात ठेवावी.

जावा, साते आणि सयाम

शेंगदाणे कुटून, त्यात मिरची, चिंच व गूळ घालून ती चटणी अन्नावर ओतण्याची परंपरा सर्वांत समृद्ध आहे ती जावा बेटावर. उकडलेल्या भाज्यांवर ओतला जाणारा ‘पचेल’, भाज्या, अंडी व टोफू यांच्याबरोबरचा ‘गादो-गादो’, पश्चिम जावातील कच्च्या भाज्यांचा ‘कारेदोक’ हे सर्व याच कुळातील पदार्थ होत. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांना ‘साते’ म्हणतात. अरब व भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांच्या कबाबाचा या पदार्थावर प्रभाव पडला, असे अनेक अभ्यासक मानतात. मात्र त्यास शेंगदाण्याच्या सॉसची जोड मिळाली ती मलय-जावानी भूमीतच.

जावा, सुमात्रा, मलाया, सिंगापूर आणि सयामचा दक्षिण भाग हे सर्व एकाच किनारी व्यापाराच्या जाळ्यात गुंतलेले होते. दक्षिण सयाममधील पट्टाणी व तिच्या लगतच्या प्रदेशात मलय भाषा बोलणाऱ्या मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. शिवाय बँकॉक, सिंगापूर आणि चीनचा चाओचौ प्रदेश यांना जोडणारे चिनी व्यापाऱ्यांचे व मजुरांचे जाळे होते. १८५५ च्या बाउरिंग तहाने सयामची बाजारपेठ परकीय व्यापाराला खुली झाल्यावर ही ये-जा पुष्कळच वाढली. राजे चुलालोंगकॉर्न यांनी १८७१ मध्ये सिंगापूर व जावा यांचा दौरा केला. पुढच्याच वर्षी ते भारतात येऊन मुंबईसही भेट देऊन गेले. त्यानंतर १८९६ व १९०१ मध्ये ते पुन्हा जावास गेले. राजांच्या प्रवासाच्या नोंदी राहतात. काडीला मांस टोचून विकणाऱ्या फेरीवाल्याच्या प्रवासाची नोंद राहत नाही. परंतु पदार्थ प्रवास करतात ते बहुधा या दुसऱ्या वाटेने.

थायलंडमध्ये पोहोचल्यावर सातेचे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. मुस्लिम परंपरेतून आलेल्या या पदार्थाचे तेथील सर्वांत लोकप्रिय रूप डुकराच्या मांसाचे आहे. चिनी विक्रेत्यांच्या हातून गेल्याखेरीज हे घडले नसते. त्याबरोबर भाजलेल्या पावाचे तुकडे देण्याची पद्धत आहे, ती युरोपीय संपर्काची खूण. शेजारी एका वाटीत काकडी, छोटे कांदे आणि मिरची सिरक्यात घातलेली असते, तिला ‘आजात’ म्हणतात. हा शब्द मलय ‘आचार’ मार्गे आला असून आपल्या परिचयाच्या ‘अचार’ या शब्दाचाच तो भाऊबंद आहे. आणि तिसऱ्या वाटीत असतो तो शेंगदाण्याचा सॉस. या एका ताटात जावा, चीन, भारत, युरोप आणि अमेरिका इतके प्रदेश शेजारी शेजारी बसलेले दिसतात. ‘शुद्ध’ पाकपरंपरेचा शोध घेणाऱ्यास या ताटात फारसे काही मिळणार नाही.

मग त्या सॉसमध्ये थाई काय होते? माझ्या मते त्याचे उत्तर घटकांत नसून कृतीत आहे. थाई स्वयंपाकातील पारंपरिक पद्धतीनुसार प्रथम दाट नारळाचे दूध कढईत आटवितात. पाणी उडून गेले की दूध फुटते आणि खोबरेल तेल सुटते. त्या तेलात वाटलेला मसाला परततात. सुक्या लाल मिरच्या, गवती चहा, कुळिंजनाच्या जातीचे गलंगल, कोथिंबिरीची मुळे, लसूण, छोटे कांदे, मकरूत लिंबाची साल आणि ‘कपी’ ही कोळंबीची आंबवलेली पेस्ट यांचा तो मसाला असतो. त्याचा वास सुटल्यावर मग शेंगदाण्याचे भरड कूट, चिंचेचा कोळ, ताडगूळ आणि मासळीचे खारे पाणी येते. म्हणजे मलय-जावानी चटणी येथे थाई करीच्या व्याकरणात बसविली गेली.

एक गोष्ट मात्र नमूद करावयास हवी. थायलंडच्या रोजच्या जेवणात हा सॉस मध्यवर्ती नाही. तेथील जेवणाचा कणा म्हणजे भात, मासळी आणि ‘नाम फ्रिक’ या वर्गातील तिखट चटण्या. शेंगदाणा तेथे पुष्कळ वापरला जातो, पण बहुधा कुटाच्या वा अख्ख्या दाण्यांच्या रूपात. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, ‘फट थाई’ या परतलेल्या शेवयांवर, मस्समन करीत, ‘मिआंग खाम’ या विड्यासारख्या पानात तो असतो. साबुदाण्याच्या गोळ्यात डुकराचे मांस व शेंगदाणे भरून वाफविलेला एक पदार्थही तेथे आवडीने खातात. साबुदाणा व शेंगदाणा ही आपल्याकडील एकादशीची जोडी तेथे अशा संगतीत भेटते. ‘साबू’ हा शब्द मलय ‘सागू’शी जोडला जातो, हे लक्षात घेता ती जोडी मुळात कोणत्या किनाऱ्याची, याचा विचार करण्यासारखा आहे. मस्समन करीचे नावही ‘मुसलमान’ या शब्दावरून आले आहे. तिचा उल्लेख पुढे दुसरे राम म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राच्या खाद्यवर्णनपर काव्यात आढळतो.

‘थाई’ हे नाव कोठे पडले?

जो पदार्थ थायलंडमध्ये एका उपाहाराचा जोडीदार आहे, तो जगात थाई पाककलेचा प्रतिनिधी कसा झाला? या प्रश्नाचे उत्तर नेदरलँड्स आणि अमेरिका यांची तुलना केल्यास स्पष्ट होते.

नेदरलँड्समध्ये शेंगदाण्याचा सॉस घराघरांत आहे. बटाट्याच्या तळलेल्या कापांवरही तो ओततात. परंतु तेथे कोणी त्याला थाई म्हणत नाही. तो ‘सातेसाउस’ किंवा ‘पिंडासाउस’ आहे आणि त्याचे नाते इंडोनेशियाशी आहे हे सर्वांना ठाऊक असते. याचे कारण उघड आहे. जावावर डचांची सत्ता होती. १९४५ मध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि १९४९ च्या अखेरीस नेदरलँड्सने ते मान्य केले. त्या काळापासून पुढील दोन दशकांत सुमारे तीन लाख लोक त्या वसाहतीतून नेदरलँड्समध्ये आले. त्यांत मिश्रवंशीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांच्यासोबत त्यांच्या चवी आल्या.

अमेरिकेत चित्र निराळे होते. तेथे इंडोनेशियन लोकांची वस्ती तुरळक होती. थायलंडशी मात्र शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेचे निकटचे लष्करी संबंध जुळले. व्हिएतनाम युद्धाच्या ऐन भरात सुमारे ५० हजार अमेरिकन सैनिक थायलंडमधील तळांवर होते. शिवाय व्हिएतनाममधील सैनिक विश्रांतीच्या रजेवर बँकॉकला येत. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियाई स्थलांतरितांना खुली झाली आणि थाई विद्यार्थी, परिचारिका व इतर लोक लॉस एंजेलिससारख्या शहरांत येऊ लागले. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथे ‘बँकॉक मार्केट’ हे थाई किराण्याचे दुकान सुरू झाले आणि आयात केलेले जिन्नस उपाहारगृहांना मिळू लागले. मार्क पाडूंगपट्ट यांनी ‘फ्लेवर्स ऑफ एम्पायर’ (२०१७) या ग्रंथात अमेरिकेतील थाई अन्नाचा हा इतिहास अमेरिकेच्या लष्करी व राजकीय विस्ताराशी जोडून मांडला आहे. त्यांचे विवेचन मला पटणारे वाटते. ज्या देशाशी संबंध आला, त्याच देशाचे नाव चवीला मिळाले.

या उपाहारगृहांनी आपल्या अमेरिकन गिऱ्हाइकांपुढे काय ठेवावे, हाही प्रश्न होता. कोळंबीच्या पेस्टचा उग्र वास त्यांना सोसवत नसे. शेंगदाण्याचे लोणी मात्र त्यांच्या बालपणापासूनचे. साते आणि त्याचा सॉस हा सर्वांत सोपा दुवा ठरला. जो पदार्थ थाई भोजनात परका पाहुणा होता, तोच परदेशात यजमान म्हणून दारात उभा राहिला. पुढे थायलंड सरकारनेही या लोकप्रियतेचा पद्धतशीर उपयोग केला. २००२ मध्ये ‘ग्लोबल थाई’ ही मोहीम हाती घेऊन जगभरातील थाई उपाहारगृहांची सुमारे ५,५०० ही संख्या ८,००० पर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

या संदर्भात एका पदार्थाचे उदाहरण देण्याजोगे आहे. बँकॉकमध्ये चिनी विक्रेत्यांशी निगडित असलेला ‘फ्रा राम लोंग सोंग’ नावाचा एक पदार्थ आहे. अर्थ, ‘रामाचे स्नान’. नाळीच्या भाजीची हिरवी पाने व डुकराचे मांस उकळून त्यावर शेंगदाण्याचा सॉस ओततात. थाई रामायणाच्या, म्हणजे रामकियेनच्या, ‘खोन’ या मुखवट्यांच्या नाट्यात रामाचा वर्ण हिरवा असतो. हिरवी पाने म्हणजे राम आणि सॉस म्हणजे स्नानाचे जल, अशी ही कल्पना. आपल्याकडील भाविकास हे नाव ऐकून संकोच वाटेल, पण रामकथेचे देशीकरण कोणत्या थरापर्यंत गेले याचा हा पुरावा आहे. अमेरिकेतील थाई उपाहारगृहांत हाच पदार्थ ‘पोहणारा राम’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने मिळतो. तेथे नाळीच्या भाजीऐवजी पालक आणि डुकराऐवजी बहुधा कोंबडी असते. रामाचा रंग हिरवा का, हे ठाऊक असलेले गिऱ्हाईक तेथे विरळाच. सॉस मात्र पूर्वीपेक्षा दाट व गोड झाला आहे.

‘झटपट’ म्हणजे काय?

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. पाककृती झटपट होते तेव्हा तिच्यातील काम नाहीसे होत नाही. ते दुसरीकडे जाते. वर वर्णन केलेली थाई कृती एका घरात आरंभापासून करावयाची झाल्यास काय काय करावे लागे? नारळ फोडून खवणे, त्याचे दाट व पातळ दूध वेगवेगळे पिळणे, मसाला दगडी खलात तासभर कुटणे, शेंगदाणे भाजणे, पाखडणे, कुटणे. थाई घरांतील नारळ खवण्याच्या साधनाला ‘क्रताय’, म्हणजे ससा, म्हणतात. लाकडी बैठक, पुढे दातेरी लोखंडी पाते. तिच्यावर बसून खोबरे खवतात. कोकणातील विळीवर बसून खवणाऱ्या गृहिणीस हे साधन पाहताच ओळखता येईल. ही सर्व कामे बहुतांशी स्त्रियांची होती आणि त्यांचा हिशेब कोणत्याही पाकपुस्तकात ‘लागणारा वेळ’ या रकान्यात धरला गेला नाही.

यातील शेंगदाण्याचे काम प्रथम कारखान्यात गेले. १८८४ मध्ये कॅनडातील मार्सेलस गिलमोर एडसन यांनी भाजलेल्या शेंगदाण्याच्या पेस्टचे अमेरिकन पेटंट घेतले. १८९० च्या दशकात जॉन हार्वे केलॉग यांनी दात नसलेल्या व शाकाहारी रुग्णांसाठी योग्य अन्न म्हणून तिचा पुरस्कार केला. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात ती सामान्य लोकांपर्यंत पोहोचली. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी शेंगदाणा लोण्याचा शोध लावला, असे आपल्याकडील अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. ते खरे नाही. कार्व्हर यांचे कार्य दक्षिणेतील गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना भुईमुगाची लागवड व उपयोग शिकविण्याचे होते आणि १९१६ ची त्यांची १०५ पाककृतींची पत्रिका त्या कार्याचा भाग होती. त्यांची थोरवी तेवढ्याने पुरेशी सिद्ध होते.

या लोण्याची एक अडचण होती. तेल वर तरंगे आणि खालचा गोळा घट्ट होई. १९२० च्या दशकाच्या आरंभी जोसेफ रोझफील्ड यांनी तेलाच्या अंशतः हायड्रोजनीकरणाचा उपाय योजला आणि बरणी महिनोन्‌महिने टिकू लागली. त्याबरोबर भेसळीचा प्रश्नही आला. स्वस्त तेल व साखर घालून शेंगदाण्याचे प्रमाण कमी करण्याकडे उत्पादकांचा कल होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने किमान ९० टक्के शेंगदाणे असावेत असा आग्रह धरला, तर उत्पादकांना ८७ टक्के हवे होते. तीन टक्क्यांवरून हा वाद १९५९ पासून सुमारे बारा वर्षे चालला. रूथ डेस्मंड या गृहिणीने ‘फेडरेशन ऑफ होममेकर्स’च्या वतीने या सुनावण्यांत सातत्याने हजर राहून ग्राहकांची बाजू मांडली. अखेरीस ९० टक्क्यांचे प्रमाण कायम झाले. घरातील कूट घरात होत असे तोवर त्यात काय आहे हे पाहण्यास कायदा लागत नव्हता. ते बाहेर गेल्यावर त्याच्यावर नजर ठेवणे हेही एका गृहिणीचेच काम झाले, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

बरणीच्याही मागे आणखी एक थर आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत शेंगदाण्याला ‘गूबर’ म्हणतात, तो मध्य आफ्रिकेतील ‘न्गुबा’ या शब्दाचा अवशेष. डच ‘पिंडा’ हा शब्दही काँगोच्या खोऱ्यातील ‘म्पिंडा’वरून आला आहे. दक्षिण अमेरिकेचे पीक उत्तर अमेरिकेत आफ्रिकन नावाने ओळखले जाते, कारण ते गुलामांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेतून तेथे गेले आणि गुलामांनीच ते पिकविले, रांधले. ‘झटपट’ या शब्दामागील श्रमांचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग होय.

नारळाच्या दुधाचेही असेच झाले. डबाबंद दूध थायलंडमधून निर्यात होऊ लागल्यावर खवणे-पिळणे संपले. पण डब्यातील वा खोक्यातील दुधात ते फुटू नये म्हणून स्थिरक मिसळलेले असतात. परिणामी आटविले तरी त्यातून तेल सुटत नाही, आणि थाई कृतीची जी पहिली पायरी तीच अशक्य होते. मग मसाला दुसऱ्या एखाद्या तेलात परतावा लागतो. वर्गात तंत्रज्ञानाच्या सामाजिक परिणामांचे उदाहरण द्यावयाचे असल्यास मी यंत्रमागाऐवजी हे उदाहरण देणे पसंत करतो. सोयीने वेळ वाचविला आणि त्याच वेळी हाताला ठाऊक असलेली एक खूण, फुटलेल्या दुधाचा तवंग, पुसून टाकली.

झटपट पाककृतीत तिखटासाठी सांगितला जाणारा श्रीराचा सॉस हाही असाच बहुरूपी आहे. नाव थायलंडच्या चोनबुरी प्रांतातील सी राचा या किनारी गावाचे. अमेरिकेतील सुप्रसिद्ध बाटली मात्र व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेल्या डेव्हिड ट्रान यांनी १९८० मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन केलेल्या कंपनीची. येथेही नाव एका देशाचे आणि हात दुसऱ्या देशाचे.

घरगुती कृतीविषयी काही नोंदी

महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात हा सॉस करावयाचा झाल्यास बरणीची गरज आहे का? आपल्याकडे शेंगदाण्याचे कूट हा कायमचा जिन्नस आहे. उपवासाच्या दाण्याच्या आमटीत भाजलेल्या दाण्यांचे वाटण, मिरची, आमसूल व गूळ असतो. या रचनेची तुलना जावानी चटणीशी केल्यास स्निग्ध, तिखट, आंबट व गोड या चारही जागा भरलेल्या दिसतात, केवळ त्यांतील व्यक्ती बदलतात. एकीने दुसरीपासून काही घेतल्याचा पुरावा नाही. एकच पीक दोन किनाऱ्यांवर उतरले आणि चिंच-आमसूल-गूळ यांच्या शेजारात त्याला सारखीच सोबत मिळाली, एवढेच म्हणता येते. मिरची, शेंगदाणा, बटाटा आणि आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद ही चारही अमेरिकन पिके आपल्या उपवासास चालतात आणि गहू-तांदूळ चालत नाहीत, ही बाब धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक तपासावी.

प्रत्यक्ष कृती करताना दाणे मंद आचेवर लालसर भाजून, साले पाखडून, भरड कुटावेत. अगदी गुळगुळीत वाटल्यास सॉस चिकट होतो. वाटीभर ताज्या नारळाचे दाट दूध कढईत तेल सुटेपर्यंत आटवावे, त्यात दीड चमचा लाल करी पेस्ट परतावी, मग वाटीभर पातळ दूध व अर्धी वाटी कूट घालून पाच-सात मिनिटे शिजवावे. चिंचेचा कोळ, मीठ आणि गूळ शेवटी. गोव्यात मिळणारा माडाचा गूळ थाई ताडगुळाच्या चवीला सर्वांत जवळचा आहे. बरणीतील लोणी वापरल्यास एक चमत्कार दिसतो. पाण्याचे पहिले दोन-तीन चमचे घालताच ते सैल होण्याऐवजी आवळून येते. अनेकजण येथे बिघडले असे समजून थांबतात. तसे न करता गरम पाणी थोडे थोडे घालून घोटत राहावे, म्हणजे पाणी आणि तेल यांचा मेळ बसून सॉस मोकळा होतो.

दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले वा बुरशीचे दाणे निष्ठुरपणे काढून टाकावेत. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अज्ञात रोगाने मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि त्या पेंडीवरील बुरशीच्या विषाचा शोध घेताना ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव अस्तित्वात आले. ते विष भाजण्याने वा शिजविण्याने पुरते नष्ट होत नाही. सुपात दाणे पसरून एकेक खडा आणि एकेक किडका दाणा वेचणाऱ्या आपल्या आजीस हे नाव ठाऊक नव्हते. झटपट पाककृतीत वेचण्याचा वेळ धरलेला नसतो, कारण तेथे ते काम बरणी भरण्यापूर्वी कोणीतरी, बहुधा एखाद्या पट्ट्यापाशी उभे राहून, केलेले असते.